तुमच्यासाठी कोण थांबलं? देशोदेशीच्या रस्त्यांवरचे अनुभव

आई माझ्याकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला आली तेव्हा पहिला आठवडाभर तिला झेब्रा क्रॉसिंग जमेना. काळे-पांढरे खांब, त्यावर लुकलुकणारे पिवळे दिवे, खाली पट्टे आणि पट्ट्यांच्या अलीकडे आई. गाडी थांबायची. आई हातानं ‘जावा, जावा’ करायची. गाडीवाला ‘तुम्ही या’ म्हणून खूण करायचा. मागं आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहायच्या. कुणी हॉर्न द्यायचं नाही, आणि त्या शांततेनंच आई जास्त घाबरायची. आपल्यामुळं एवढी माणसं खोळंबली हे तिच्या जिवाला लागायचं. शेवटी पळत ओलांडायची आणि पलीकडे पोचून त्या गाडीला हात जोडायची. तीन महिन्यांत मात्र सवय झाली. आधी पाऊल टाकायचं, मग बघायचं.

गेल्या महिन्यात सोलापुरात, सात रस्ता चौकात, तिनं तसंच पाऊल टाकलं. दुचाकी तिच्या पदराला घासून गेली. चालवणारा पोरगा ओरडला, “ओ मावशी, दिसत नाही का?” आई पडली नाही, पण त्या दिवसापासून ती एकटी रस्ता ओलांडत नाही.

तिकडचे चांगले आणि इकडचे वाईट, असं मला म्हणायचं नाही. माझ्या ओळखीचे दोघं सोलापूरचेच. लीड्समध्ये पट्ट्यांपाशी न चुकता थांबतात, सुट्टीवर आले की आसरा चौकात सगळ्यांच्या पुढं घुसतात. मीही परत आल्यावर पंधरा दिवसांत हॉर्न वाजवायला लागले. तिकडे जानेवारी २०२२ मध्ये नियम बदलले. वळणाऱ्या गाडीनं, रस्ता ओलांडायला नुसत्या उभ्या असलेल्या माणसालाही वाट द्यावी, असं त्यात आलं. पट्ट्यांवरच्या माणसाला आधी वाट, हे आपल्याही नियमांत आहेच. मग माणूस तोच असून वागणं का बदलतं? तुम्ही जिथं राहिलात, गाडी चालवलीत किंवा नुसते पायी फिरलात, तिथलं सांगा. कोण थांबलं ते सांगा, कोण नाही तेही. (आलेली उत्तरं खाली आहेत. प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं गाव किंवा सोलापुरातला भाग.)

विजापूर रोड, सध्या जर्मनी

ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, पहिल्यांदा ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मला काहीच कळेना. डावीकडच्या रांगेतल्या गाड्या डाव्या कडेला चिकटल्या, बाकीच्या उजवीकडे सरकल्या आणि मधोमध एक मोकळी गल्ली पडली. सायरन कुठंच नव्हता. शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, तूही सरक. रेटुंग्सगासे म्हणतात त्याला, जीव वाचवायची गल्ली. सायरन ऐकून नाही, गाड्या रांगायला लागल्या की लगेच सरकायचं. पाच मिनिटांनी रुग्णवाहिका आली आणि कुठंही न अडता आमच्या मधून निघून गेली. गल्ली न करणाऱ्याला २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी, हे नंतर कळलं.

मला वडील आठवले. छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना अक्कलकोटहून रुग्णवाहिकेनं सोलापूरला आणत होतो. शहरात शिरलो आणि अडकलो. लोकांना पर्वा नव्हती असं मी म्हणणार नाही. जो तो मागं वळून बघत होता, सरकायचं कुठं ते कुणालाच उमगत नव्हतं. एक डावीकडे घेतोय, दुसरा उजवीकडे, दोघं एकमेकांना आडवे. तेवढ्यात एका रिक्षावाल्यानं रिक्षा तशीच सोडली आणि अनवाणी आमच्या पुढं पळत सुटला. बोनेटवर हात मारत, मराठी, तेलुगू, कन्नड, सगळ्या भाषांत ओरडत त्यानं वाट करून दिली. वडील वाचले. तो कोण होता मला माहीत नाही. त्याचे आभारही मानायचे राहिले, आणि हे मला अजून टोचतं. जर्मनीत कुणाला असं पळावं लागलं नसतं. पण आपल्याकडं सौजन्य नाही असं कुणी म्हटलं की मला तो माणूस दिसतो. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ मध्ये आपल्याकडेही आली. सगळ्यांनी मिळून नेमकं कुठल्या बाजूला सरकायचं, हे मात्र मला ड्रायव्हिंग शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

होटगी रोड

शारजात सात वर्षं पाण्याचा टँकर चालवला. पट्ट्यांवरच्या माणसाला वाट दिली नाही तर ५०० दिरहम आणि लायसन्सवर ६ काळे पॉइंट. २४ भरले की लायसन्स गेलं. घरी पाठवायच्या पैशातला तो मोठा तुकडा, त्यामुळं केरळचा असो, पेशावरचा असो की सोलापूरचा, सगळे सारखेच थांबायचे. हायवेला मात्र अगदी डाव्या लेनमध्ये मागून मोठी गाडी दिवे मारत अंगावर यायची. सुरुवातीला मी भीतीनंच थांबायचो. दोन-तीन वर्षांनी दंड डोक्यात यायचा बंद झाला, पाय आपोआप ब्रेकवर जायचा. इकडं परत आल्यावर ती सवय मी टिकवून धरलीय. मागचे शिव्या देतात.

पूर्व भाग, सध्या टेक्सास

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर पिवळी स्कूलबस थांबली, लाल दिवे लागले, बाजूनं ‘थांबा’ची पाटी बाहेर आली की मागचे थांबतातच, समोरून येणारेही थांबतात. एक पोर दप्तर सावरत उतरतं आणि दोन्हीकडच्या रांगा त्याच्यासाठी उभ्या. माझी मुलगी पहिल्यांदा तशी उतरली त्या दिवशी मी रडले.

चार रस्ते मिळतात तिथं कित्येक ठिकाणी नुसत्या ‘थांबा’च्या पाट्या असतात, सिग्नल नाही की पोलीस नाही. जो आधी आला तो आधी जाणार. कोण कधी आलं हे सगळे मनात मोजत असतात. पण सगळंच गोड नाही. आमच्या भागात कित्येक रस्त्यांना फुटपाथच नाही. मी भाजी आणायला पायी निघाले तर दोन गाड्यांनी थांबून विचारलं, गाडी बंद पडली का? माया होती त्यात, पण पायी चालणाऱ्याला तिथं जागाच ठेवलेली नाही.

नागोया, जपान

गाडी इथंच शिकले. नव्या ड्रायव्हरनं वर्षभर गाडीला हिरवं-पिवळं पान लावायचं, आणि पान लावलेल्या गाडीला खेटणं, तिच्यापुढं घुसणं कायद्यानं मना आहे. कुणी आत घेतलं की दोन वेळा हझार्ड, म्हणजे चारी इंडिकेटर, लुकलुकवून आभार मानतात. सोलापुरात माझ्या भावाच्या गाडीवर लाल ‘एल’ होता, तर लोक जास्तच हॉर्न द्यायचे.

बाळे

मी परदेशात गेलो नाही. हैदराबाद-मुंबई लाइनला बावीस वर्षं ट्रकवर हाय. वाचून राहवलं नाही.

आमच्यात बी कायदे हैत. घाटात चढणाऱ्या भरल्या गाडीला आधी वाट, उतरणाऱ्यानं थांबायचं. चढावर गाडी एकदा थांबली की परत उचलत नाही. हे सरकारी नियमात बी हाय, मुलानं दाखवलं, पण मी उस्तादाकडनं शिकलो. समोरून गाडी आली की डिपर खाली करायचा. मागच्याला पुढं जायचं असलं आणि रस्ता मोकळा असला तर हात काढून खुणवायचं. खुणवलं की त्याचा जीव आपल्या हातात, असं उस्ताद म्हणायचा.

वाईट बी सांगतो. रात्री गाडी बिघडली की मागं दगडं, फांद्या लावत्यात. दुरुस्त झाली की दगडं तशीच टाकून निघून जात्यात, अन् पहाटे मोटरसायकलवाला त्याच्यावर जातो. टेंभुर्णीच्या अलीकडं असं एक पोरगं मी स्वतः उचललंय. सात-आठ गाड्या बघून गेल्या हुत्या. चौकशीचं लचांड नको म्हणून कुणी हात लावत नाही. आता मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही असा कायदा हाय, पण लाइनवर किती जणांना ठाव हाय? त्या दिवसापासून क्लीनरला आधी दगडं उचलायला लावतो, मग सेल्फ मारतो. उसाच्या सीझनला डबल ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, रेडियम नसतं. एका पट्टीला किती पैसे लागत्यात? कारखान्याच्या काट्यावरच लावून सोडा की.

जुळे सोलापूर

व्हिएतनामला, हनोईत पंधरा दिवस होते. तिथं थांबत कुणीच नाही, चुकवतात मात्र सगळे. एका चालीनं चालत राहायचं, दचकून मागं यायचं नाही. शेकडो स्कूटर दोन्ही अंगांनी वाहत जातात. सोलापूरच्या गजबजलेल्या नवी पेठेत वाढल्यामुळं मला जमलं. नवऱ्याला नाही.

मोहोळ

दर आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जातो. एका पहाटे धुकं होतं, रस्त्याला कड नव्हती. मागून ट्रक आला. हॉर्न दिला नाही. चारी इंडिकेटर लावून आमच्यामागं पायी चालीनं गाडी ठेवली, म्हणजे दुसरं कुणी अंगावर येऊ नये. उजाडल्यावर आम्ही ‘माऊली’ म्हणून हात जोडले, त्यानंही ‘माऊली’ म्हणून हात जोडले. पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यानं मी सायकलला दुधाचे कॅन लावून जातो तेव्हा तसलेच ट्रक मला खाली मातीत उतरवतात. खांद्यावर पताका नसते, एवढाच फरक. हे का, मला खरंच समजत नाही.

बाळे

मोहोळच्या माऊली, तुमचं वाचून गप झालो. मी बी उतरवलं असंल कुणाला.

सुरुवातीला लिहिलेल्या ताईंना एक सांगायचं राहिलं. आईंना सांगा, ट्रक किंवा बस थांबली की तिच्या पुढनं लगेच निघायचं नाही. आम्हाला वरनं जवळचं दिसत नाही, आणि आमच्या आडून मोटरसायकली सुसाट येत्यात. आधी ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं. मग गाडीच्या पलीकडच्या टोकाला उभारून वाकून बघायचं, आणि मगच पुढचं पाऊल.