मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रकल्पाच्या नावावर ट्रेडमार्कची नोटीस

जुना_टंक
नमस्कार मंडळी. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी पायथन लायब्ररी आम्ही तिघं सांभाळतो. परवाना अपाचे २.०, पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) पहिली आवृत्ती मार्च २०१७ ची. नाव साधा मराठी शब्द आहे, फॉन्टशी अर्थाने संबंध नाही. आता एका कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे: हेच नाव वर्ग ९ मध्ये (ट्रेडमार्क नोंदणीत सॉफ्टवेअरचा वर्ग) त्यांच्याकडे नोंदलेलं आहे, अर्ज २०२० चा, वापर २०१९ पासून. १५ दिवसांत नाव बदला, डोमेन आणि पायपीआयवरचं पॅकेज आमच्या हवाली करा, असं म्हणतात. परवान्यामुळे नाव आमचं ठरतं का? २०१७ पासूनच्या वापराला काही किंमत आहे का? आणि नाव बदलावंच लागलं तर वापरणाऱ्यांचं काम न मोडता कसं बदलायचं?

कलमदान
परवाना इथे कामाचा नाही. अपाचे २.० चं सहावं कलम वाचा, ट्रेडमार्क वापरायची परवानगी त्यात स्पष्टपणे नाकारली आहे. कोड आणि नाव यांचे हक्क वेगळे असतात. कोड कुणीही घ्यावा, पण नाव ज्याने आधी वापरलं आणि ज्याला ते सिद्ध करता येतं त्याचं.

तुमचं बळ त्या 'आधी'तच आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ३४: समोरच्याचा वापर किंवा त्याची नोंदणी, यांपैकी जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून तुमचा वापर अखंड चालू असेल, तर नोंदणीच्या बळावर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. म्हणजे २०१९ च्या अलीकडे-पलीकडे खेळ आहे आणि तुम्ही पलीकडे आहात. आधीच्या वापराचा हक्क नोंदणीहून वरचढ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचना बाई या निकालात सांगितलं आहे.

'अखंड' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. २०१८ ते २०२१ एकही आवृत्ती निघाली नसेल तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. मोफत वाटप म्हणजे व्यापारातला वापर नव्हे, असाही युक्तिवाद येईल. लायब्ररी वापरणाऱ्या प्रकाशकांची पत्रं, लिनक्स वितरणांतल्या नोंदी, सशुल्क मदतीची एखादी पावती असेल तर काढून ठेवा.

जुना_टंक
धन्यवाद. आवृत्त्या दरवर्षी निघाल्या आहेत. गिटमधला कोडच्या बदलांचा सगळा इतिहास पुरावा म्हणून जोडला तर चालेल ना?

शाईची_दौत
एकटा गिट पुरणार नाही. कमिटची, म्हणजे बदलाच्या नोंदीची, तारीख लिहिणाऱ्याच्या हातात असते. संगणकावरची एक सेटिंग (पर्यावरण चल) बदलली की आजचं कमिट २०१६ चं दिसतं, आणि हे समोरच्या तज्ज्ञालाही ठाऊक असतं. तुमच्या ताब्याबाहेरच्या सर्व्हरवरच्या तारखा गोळा करा: पायपीआयवर प्रत्येक फाइल चढवल्याची वेळ, वेबॅक मशीनवरची तुमच्या पानाची जुनी प्रत, सॉफ्टवेअर हेरिटेज या कोडच्या संग्रहातली नोंद, डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेज असेल तर त्याचा चेंजलॉग (बदलांची यादी). गिटचा इतिहास त्याच्या जोडीला ठेवा.

हे सगळं इलेक्ट्रॉनिक पुराव्यात येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात प्रत्येक नोंदीचं हॅश मूल्य (फाइलचा अंकी ठसा) लिहायचं असतं, भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. फाइली उतरवल्या त्याच दिवशी शा-२५६ हॅश काढून ठेवा.

कलमदान
आता नोंदवहीकडे. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात त्यांचा अर्ज क्रमांक घाला. आधीच्या वापराचा दावा असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात, ते उघडून वाचा. 'वापर प्रस्तावित' असं लिहिलेलं निघालं तर नोटिशीतला २०१९ चा दावा तिथेच कच्चा पडतो. मालाचं वर्णनही पाहा. त्यांचं सॉफ्टवेअर हॉटेलच्या बिलांचं असेल तर गोंधळ होण्याची शक्यता कमी, ही वेगळी बाजू मांडता येते.

१५ दिवसांची मुदत त्यांनी घातलेली आहे, कायद्याने नाही. तरीही गप्प बसू नका. वकिलाकडून लेखी उत्तर जाऊ द्या: पहिल्या वापराची तारीख, दोन-तीन ठळक पुरावे, कलम ३४. 'चूक झाली', 'आम्हाला कल्पना नव्हती' अशी वाक्यं ईमेलमध्येसुद्धा नकोत. कलम ३४ ही फक्त ढाल आहे. त्यांची नोंदणी काढायची असेल तर कलम ५७ खाली रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात जावं लागेल. तिथे कलम ३३ आडवं येतं: नोंदलेल्या चिन्हाचा वापर माहीत असून सलग पाच वर्षं चालू दिला, तर नोंदणी रद्द करून मागण्याचा हक्क सहसा उरत नाही. नोटीस हातात पडली म्हणजे तुम्हाला माहीत झालं.

पाटी_पुस्तक
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. काहीही ठरो, पायपीआयवरचं नाव त्यांच्या हवाली करू नका आणि पॅकेज पुसूनही टाकू नका. ते नाव कुणाच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) आहे हे तुम्हाला कळत नाही. नाव दुसऱ्याकडे गेलं की तिथलं पिप (पॅकेज उतरवणारं साधन) त्याचा कोड मुकाट उतरवून घेतं, आणि पुसलं तर ते कुणालाही घेता येतं. तडजोडीत अशी अट घाला: जुनं नाव तुमच्याकडेच राखीव राहील, त्यावर फक्त शेवटची आवृत्ती असेल, ती नव्या पॅकेजवर अवलंबून असेल आणि इम्पोर्ट होताच नाव बदलल्याची सूचना देईल. गिटहबवर रिपॉझिटरीचं नाव बदललं की जुने दुवे नव्याकडे वळतात, मात्र जुन्या नावाने पुन्हा रिपॉझिटरी काढली की ते वळणं बंद.

नवं नाव शोधताना फक्त सरकारी नोंदवही पाहू नका. मोझिलाच्या ब्राउझरने फिनिक्स हे नाव सोडून २००३ मध्ये फायरबर्ड घेतलं, तर त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीच होता, म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स करावं लागलं. उच्चारही तपासा. 'टंक' आणि 'टांक' सारखेच वाटतात का, हे इथली न्यायालयं कान लावून पाहतात. 'युनिकोड रूपांतरक' असलं वर्णनात्मक नाव नोंदणी नाकारण्याची कारणं देणाऱ्या कलम ९ वर अडकेल, आणि युनिकोड हेच मुळात युनिकोड इन्कॉर्पोरेटेडचं नोंदलेलं चिन्ह आहे. वर्णनात 'श्रीलिपीतून युनिकोडमध्ये' असं लिहायला मात्र हरकत नसावी. साधन कशासाठी आहे ते सांगण्यापुरता असा उल्लेख कलम ३० मध्ये बसतो.

जुना_टंक
लढलो किंवा बदललं, दोन्ही वेळा नोंदणी तर करावीच लागेल. ती कुणाच्या नावाने?

कलमदान
'प्रकल्प' या नावाने अर्ज होत नाही, मालक व्यक्ती किंवा संस्था हवी. फॉर्म टीएम-ए, वर्ग ९ आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवांचा), व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ४५०० रुपये. लोगो नंतर, आधी शब्दचिन्ह. देवनागरीत अर्ज केलात तर लिप्यंतर आणि अर्थ जोडा. तिघांनी संयुक्त अर्ज करा. एकाच्याच नावाने करायचा असेल तर तो बाहेर पडल्यावर चिन्ह कुणाकडे जाईल हे अर्जाआधी करारात लिहा. इथरीयल या नेटवर्क तपासणीच्या ओपन सोर्स साधनाचा मुख्य विकासक २००६ मध्ये नोकरी बदलून गेला तेव्हा कोड त्याच्यासोबत गेला, नाव जुन्या कंपनीकडे राहिलं, आणि प्रकल्पाला वायरशार्क व्हावं लागलं. तुमच्यापैकी कुणी नोकरीच्या वेळेत यावर काम केलं असेल तर त्यांच्या कंपनीचं ना-हरकत पत्र अर्जाआधीच घ्या.