सवाईला एक तरी पूर्ण रात्र मिळायला हवी

तीव्रमध्यम
परवा कपाट आवरताना पुण्यातल्या रमणबागेत भरणाऱ्या सवाईचा, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा, एक जुना पास सापडला. मागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय : 'पहाटे ४.२०, ललित.' कोण गात होतं ते लिहिलेलं नाही, आणि विचारायला आता बाबा नाहीत.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते मांडतो. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो रात्र-रात्र चालायचा. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यातला एखादा, बहुतेक वेळा शनिवार, सवाईच्या वाट्याला येतो. बाकी दिवशी दहाला सतरंज्या झटकायच्या.

यात गेलं काय, तर उत्तररात्र गेली. परज, ललित, भटियार हे उत्तररात्रीचे-पहाटेचे राग त्यांच्या वेळेला ऐकायची सोयच उरली नाही. दरबारी होतो, पण कसा? त्यातला गंधार आंदोलन घेत खाली उतरत असतो आणि मंडपातली माणसं चपला शोधायला उठलेली असतात. गाणाऱ्यालाही घड्याळ दिसत असतं, विलंबित आवरतं घेतलेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. वर्षातून एक रात्र, फक्त एक, या महोत्सवाला सकाळपर्यंत द्यावी असं मला मनापासून वाटतं.

गच्चीवरून
तुमच्या वडिलांच्या पासबद्दल वाचून गलबलून आलं, तरीही ठाम विरोध. माझं घर एका मोठ्या मैदानाला लागून आहे (सवाईचं नव्हे, दुसरं). वडिलांची बायपास झाल्यावर घरी आणलं त्याच आठवड्यात तिथे कार्यक्रम होता. खिडकीची काच थरथरत होती. मी तिला आतून घड्या घातलेला टॉवेल लावून रात्रभर बसलो.

कायद्याला राग कळत नाही, डेसिबल कळतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे, ती ख्यालालाही आणि डीजेलाही. आज तुम्हाला सूट दिली की उद्या प्रत्येक मंडळ तोच कागद घेऊन उभं राहील. आणि नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं गोंगाटापासून सुटका हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. तो हक्क माझ्यासारख्यांना फार उशिरा मिळालाय.

तीव्रमध्यम
काकांना आता बरं असेल अशी आशा. पण तानपुरा आणि छाती दणाणून सोडणाऱ्या स्पीकरच्या भिंती एका मापानं मोजणं मला पटत नाही. मर्यादा आवाजावर घाला ना, वेळेवर कशाला?

गच्चीवरून
आवाजावरची मर्यादा कागदावर आहेच हो. रात्री दोनला ती मोजायला कोण येतं? वेळेची मर्यादा निदान घड्याळ बघून सांगता येते.

मुलतानी
मी चौतीस वर्षांची, रात्रीचा सवाई मी पाहिलेलाच नाही. त्यामुळे तुमची हळहळ समजते, पण माझी नाही. दुपारी सुरू होणाऱ्या सत्रांमुळे मला मंडपात बसून मुलतानी, भीमपलास, मधुवंती ऐकायला मिळाले. रात्रीच्या मैफिलींत हे राग कोण गाणार होतं? दुपारचे राग तेव्हा उपाशीच होते, त्यांच्यासाठी कुणी रडलं नाही.

दुसरं असं की दहाला संपतं म्हणून मी एकटी जाऊ शकते. मंडप आता मुकुंदनगरला असतो, तिथून रिक्षा मिळते, साडेअकराला घरी. सासूबाईंना गुडघ्यांमुळे रात्रभर बसवत नाही, पण दुपारी खुर्चीचं तिकीट काढून त्या चार तास बसतात. रात्र परत आणली तर आमच्यासारख्या किती जणी गळतील याचाही विचार व्हावा.

तीव्रमध्यम
दुपारच्या रागांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य. शुद्ध सारंग मीही गेल्या काही वर्षांतच समोर बसून ऐकला.

गांधारी
गाणं शिकते म्हणून लिहिते. वेळेचं बंधन एवढं पवित्र आहे का? गायिका प्रभा अत्रे यांनीही राग-समयाच्या (कुठला राग कुठल्या वेळी गायचा याच्या) संकेतांबद्दल प्रश्न उभे केले होते. चेन्नईच्या डिसेंबरातल्या मैफिलींत वेळेचा एवढा बाऊ होत नाही, गाणं काही उणं पडत नाही. ललित संध्याकाळी सातला गायला तर दोन मध्यमांची ताकद कमी होते का?

तीव्रमध्यम
सुरांची होत नसेल. माझी होते. दिवसभराचं ऑफिस अंगावर असताना आणि रात्र सरत आलेली असताना मी एकच माणूस नसतो. रात्र जागलेला कान सैल पडतो, मग एखादा स्वर थेट आत जातो. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण अनुभवलंय.

समेवर
नियम नीट वाचा मंडळी. बंदी सकाळी सहापर्यंतच आहे. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. रविवारचं सत्र बरोबर सहाला सुरू केलं तर अंधारात ललित, उजाडताना भटियार, मग भैरव, तोडी. दिवाळी पहाटेला अख्खं पुणे नटूनथटून पाचला उठतंच की. मान्यवरांचे सत्कार मात्र दुपारी ठेवा, नाहीतर भटियार उन्हात जाईल.

दुसरा रस्ता बंदिस्त सभागृहाचा, तिथे रात्रीही चालतं. पण हजारोंची भारतीय बैठक मावेल असं सभागृह शहरात आहे कुठे?

मुलतानी
सहाला मी येईन. सासूबाईंनाही आणेन.

तीव्रमध्यम
चांगला तोडगा आहे आणि आयोजकांना कुणीतरी कळवावा. तरी माझी मागणी मी सोडत नाही. झोपून, आंघोळ करून ऐकलेला ललित आणि बाबांनी ४.२० ला ऐकलेला ललित एक नव्हे.

गच्चीवरून
तो एक नव्हे हे मलाही कळतं. पण रात्र मी देऊ शकत नाही. सकाळी सहाचं म्हणाल तर माझी हरकत नाही, आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं, घर जागंच असतं. फक्त ध्वनिवर्धकांची तोंडं मंडपाच्या आत वळवा आणि सोसायटीच्या फाटकासमोर गाड्या लावू देऊ नका. रुग्णवाहिका आत यायला आम्हाला त्या आठवड्यात वीस मिनिटं लागली होती.