इंग्रजी क्रियापदांचे समसंबंध पोरीला कसे शिकवू? सल्ला द्या

देवगडची_आई: मुलगी स्कॉलरशिपला बसतेय, पेपर दोनला इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. मराठी समसंबंध (पहिल्या जोडीचं नातं बघून दुसरी जोडी पुरी करायची) पटापट सोडवते पण इंग्रजी क्रियापदं आली की घोळ, सिंगचं सँग म्हणून ब्रिंगचं ब्रँग लिहून मोकळी! तीन फॉर्मचा तक्ता ए टू झेड पाठ आहे, घडाघडा म्हणते, प्रश्नात चुकतेच. सध्या मोहोर आलाय, फवारणीच्या धावपळीत मला संध्याकाळचा तासभर मिळतो जेमतेम. पुस्तक, ॲप, युक्ती, काहीही चालेल.

चिपळूणचा_मास्तर: ताई, ॲप राहू दे. ए टू झेड तक्ता आधी फाडा, त्यात ब्रिंगच्या शेजारी ब्रेक येतं, दोघांचा काही संबंध नाही. घराणी करा. सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन एका पानावर. ब्रिंग, बाय, थिंक, टीच, कॅच, फाइट दुसऱ्या पानावर, सगळ्यांचा शेवट ऑट असाच ऐकू येतो. कट, पुट, हिट, शट बदलतच नाहीत. कम आणि रनचं तिसरं रूप परत पहिल्यासारखं, हे पोरं हमखास विसरतात.

आणि प्रश्न सोडवताना पर्याय हाताने झाकायचे. वेन्ट : गॉन :: सॉ : ? आलं तर आधी तोंडाने म्हणायचं "दुसरं ते तिसरं", मग सीन. पोरं घाईत पहिली जोडी नीट बघतच नाहीत आणि सी हे पहिलं रूप लिहून येतात.

कुडाळकार: मास्तरांचा बरोबर आसा. माझ्या झिलाक मी ह्याच शिकयलंय, पयली जोडी मोठ्यान वाच, मगे पर्याय बघ. फॉल, फील आणि फिल ह्या तिघांका मात्र सांभाळा हां, फेल, फेल्ट, फिल्ड. लय मार्क खातत.

गुहागर_टू_पुणे: थोडं अवांतर, हेच प्रश्न कॉम्प्युटरलाही घालतात. २०१३ साली गुगलमधल्या लोकांनी वर्डटूव्हेक नावाचा, शब्दांचे आकडे करणारा प्रोग्राम काढला तेव्हा चाचणीला १९,५४४ समसंबंध होते, त्यात भूतकाळाचा वेगळा गट, वॉकिंग : वॉक्ड :: स्विमिंग : स्वॅम असे. प्रत्येक शब्दाची आकड्यांची रांग करायची, वॉक्डमधून वॉकिंग वजा, स्विमिंग मिळवा, उत्तराच्या सगळ्यात जवळचा शब्द शोधा.

देवगडची_आई: दादा, वजाबाकी नको, पोरगी गणितालाही बसलीय 😄 मास्तर, कट : कट :: रन : ? आलं आणि पर्यायात रॅन, रन दोन्ही असले तर?

चिपळूणचा_मास्तर: तर प्रश्न काढणाऱ्याची चूक, कारण कट-कट हे पहिलं-दुसरंही आणि पहिलं-तिसरंही. चांगल्या पेपरात दोन्ही एकत्र देत नाहीत, सराव पुस्तकात सर्रास सापडतात, असले प्रश्न सरळ खोडा. त्यापेक्षा लाय : ले :: ले : ? द्या तिला. लाय म्हणजे पडून राहणं, त्याचं दुसरं रूप ले. पण ले हे ठेवणं या अर्थाचं वेगळं क्रियापदही आहे, त्याचं दुसरं लेड. पहिली जोडी पहिलं-दुसरं, म्हणून उत्तर लेड. लेन लिहिलं तर समजा अजून तक्ताच म्हणतेय.

देवगडची_आई: आत्ताच विचारलं. लेन 🤦‍♀️ घराण्यांची वही उद्यापासून.