अ‍ॅरिझोना स्टेट: यंदा शेपटीला नाही, डोक्यावर

'अ‍ॅरिझोना स्टेटच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघानं गतवर्षी प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) गाठली, म्हणजे यंदा, २०२५ला, उपांत्य फेरी तरी हवीच' हे म्हणणं मला पटत नाही. २०२३ला हाच संघ ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) होता. २०२४च्या हंगामाआधी बिग १२ या त्यांच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे गटाच्या (नावात बारा, संघ सोळा), अंदाजात त्यांना सोळावा क्रमांक दिला गेला, आणि प्रशिक्षक डिलिंगहॅमच्या पोरांनी गटाच्या अंतिम सामन्यात आयोवा स्टेटला ४५-१९ धुतलं. पुढे प्लेऑफच्या पीच बोल सामन्यात टेक्सासनं त्यांना हरवलं तेही दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये (जादा डावात), ३९-३१.

पण २०२४चे ते विजय बघा ना. टेक्सास स्टेट ३१-२८, कॅन्सस ३५-३१, बीवाययू (ब्रिगम यंग विद्यापीठ) २८-२३. असे निसटते सामने दरवर्षी आपल्याच बाजूनं फिरत नाहीत. त्यात चेंडू घेऊन धावणारा स्कॅटेबो संघ सोडून गेला. त्याचे धावून काढलेले १७११ यार्ड एकवेळ दोघंतिघं मिळून भरून काढतील, पण तिसऱ्या डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) दोन यार्ड हवे असताना तीन जणांना अंगावर घेऊन पुढं जाणारा माणूस कुठून आणणार?

२०२५च्या संघात क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) लेविट आणि तो झेलणारा टायसन आहेत, हे खरं. टायसनचं कॉलरबोन (गळ्याजवळचं हाड) मोडलं नसतं तर टेक्सासचा निकाल वेगळा लागला असता असं मला आजही वाटतं (असो, जर-तर!). एपी वृत्तसंस्थेनं २०२५च्या हंगामाआधीच्या क्रमवारीत अकरावा क्रमांक दिलाय, तो मला दोनचार पायऱ्या जास्तच वाटतो. शिवाय नियम बदललाय: २०२५पासून प्लेऑफमध्ये बाय (पहिली फेरी न खेळता थेट पुढे) पहिल्या चार क्रमांकांनाच, नुसतं कॉन्फरन्स जिंकून मिळणार नाही.

माझा अंदाज ९-३. ६ सप्टेंबर २०२५ला मिसिसिपी स्टेटच्या मैदानावर काय होतं ते बघू, मग बोला.