मदत हवी आहे: मेजवानीच्या प्रवेशात बँकोचं भूत प्रेक्षकांना दिसू द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आमचा कोल्हापुरातला हौशी ग्रुप शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं मराठी रूपांतर बसवतोय. प्रयोग दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात करायचा विचार आहे. बाकीचे प्रवेश मार्गी लागलेत, पण मेजवानीवरून ग्रुपात सरळ दोन तट पडलेत. राजा मॅकबेथनं मारेकरी घालून मारलेल्या बँकोचं भूत त्याला या मेजवानीत दिसतं, तो हा प्रवेश. काही जण म्हणतात, बँकोचं काम करणारा नट खुर्चीत येऊन बसलाच पाहिजे. बाकीचे म्हणतात, खुर्ची रिकामी ठेवा, मॅकबेथ आपल्या नजरेनं भूत उभं करेल.

दिग्दर्शन माझ्याकडे आहे, म्हणून जुन्या शोकांतिकांतली भुतं पुन्हा वाचून काढली. बहुतेक सगळी काहीतरी सांगायला येतात. ग्रीक नाटककार इस्किलसच्या 'पर्शियन्स'मध्ये (इ.स.पू. ४७२) इराणचा मेलेला राजा दरायस थडग्यातून येऊन मुलाचा पराभव का झाला ते सांगतो. त्याच्याच 'युमेनिडीस'मध्ये मुलाच्या हातून मेलेली राणी क्लायटेम्नेस्ट्रा झोपलेल्या सूडदेवतांना फैलावर घेते. युरिपिडीसचं 'हेक्युबा' तर खून झालेल्या पॉलिडोरसच्या भुताच्या तोंडूनच सुरू होतं. हॅम्लेटचा बाप सूड मागतो. (आगरकर कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे इथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात शिक्षा भोगून आले आणि पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांचं 'विकारविलसित' आलं, म्हणजे मराठीतला हॅम्लेट. आम्हा कोल्हापूरकरांना त्याचं फार अप्रूप.) हॅम्लेटमधलं भूत आधी पहारेकऱ्यांनाही दिसतं, पण पुढं आईच्या दालनात एकट्या हॅम्लेटला दिसतं, राणीला नाही.

बँको मात्र एक अक्षर बोलत नाही, आणि मॅकबेथशिवाय तो कुणालाच दिसत नाही. तरी १६२३ च्या छापील प्रतीत रंगसूचना आहे की बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागी बसतं. ही सूचना कुठं येते ते बघा. भूत येऊन बसलंय, आणि मॅकबेथ पाहुण्यांना म्हणतोय, आज बँको इथं असता तर सगळी मोठी माणसं एका छताखाली आली असती. त्याला अजून पत्ताच नाही. मग 'बसा' म्हटल्यावर तो म्हणतो, सगळ्या जागा भरल्यात. पाहुणे म्हणतात, ही काय राखून ठेवलीय. तो विचारतो, कुठं?

रिकामी खुर्ची ठेवली तर प्रेक्षक पाहुण्यांच्या पंगतीला बसतात आणि त्यांना समोर फक्त भ्रमिष्ट राजा दिसतो. नट बसवला तर 'बँको असता तर' हे वाक्य येताच प्रेक्षकांच्या अंगावर काटा येईल, कारण मॅकबेथच्या आधी त्यांना कळलेलं असेल. माझं मन या बाजूला झुकतंय. भीती एकच, हशा पिकण्याची. पांढरी पावडर, हिरवा लाईट आणि धूर आला की आपला प्रेक्षक मुंजा-खवीस म्हणत खिदळायला लागतो, आणि एकदा हसला की पुढचा अंक हातातून गेला.

ज्यांनी हा प्रवेश केलाय किंवा चांगला झालेला पाहिलाय, त्यांनी कृपया सांगा:

ब्लॅकआउट न घेता नटाला खुर्चीपर्यंत कसं आणायचं? नोकरांच्या येण्याजाण्यात मिसळून आणलं तर चालेल का? रंगभूषेत जखमा किती दाखवाव्यात? मॅकबेथच्या बोलण्यात डोक्यावरच्या वीस घावांचा उल्लेख आहे, पण मला साधा, मेजवानीच्याच कपड्यातला बँको जास्त भयंकर वाटतो. आणि भूत मधेच जाऊन पुन्हा येतं, तर दुसऱ्या खेपेला तो त्याच खुर्चीत असावा की पाहुण्यांच्या मागं उभा?

तालमी रोज संध्याकाळी चालू आहेत. सुचेल ते लिहा, दोन्ही प्रकारे करून बघायची तयारी आहे.