पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात आईचा उजवा हात जायबंदी – भरपाई कशी मागावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात राहतो. गेल्या महिन्यात सोसायटीच्या जिन्यात शेजाऱ्यांचं जर्मन शेफर्ड आईच्या अंगावर आलं. गळ्यात पट्टा नाही, तोंडाला जाळी नाही. तिचं उजवं मनगट त्याने धरलं ते सोडेचना. हाड मोडलं, अंगठ्याची शीर तुटली. ऑपरेशन झालं, जखमेत सीरम दिलं, रेबीजचे डोसही पूर्ण झाले.

आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आज तिला सुईत दोरा ओवता येत नाही. कात्री हातात घेतली की अंगठा मिटतच नाही. लग्नसराईची कापडं गिऱ्हाइकांना तशीच परत करावी लागली, तेव्हा ती फार रडली. फिजिओथेरपीने फरक पडेल, पण पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मालक दहा हजार द्यायला तयार आहेत, पण 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागतात. मला हे अजिबात पटत नाही. ऑपरेशनचं बिलच त्याच्या कितीतरी पट आहे. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून आमची बोळवण केली. भारतीय न्याय संहितेचं 291वं कलम जनावराबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे आणि ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो. शिवाय हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, म्हणजे 125वं कलमही लागायला हवं. मग एफआयआर का नाही? वरिष्ठांकडे अर्ज द्यावा की थेट न्यायालयात जावं?

दुसरं म्हणजे पैशांचं. वरळीत 2018 साली लिफ्टमध्ये पाळीव हस्की चावली होती, त्या मालकाला 2025 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. पण शिक्षेने आईचा खर्च भागणार नाही. फौजदारी न्यायालय दंडातून भरपाई देऊ शकतं हे खरं, पण दंडच पाच-दहा हजारांचा असेल तर हाती काय येणार? म्हणून दिवाणी दावाच लावावा असं वाटतंय. दोन्ही एकदम चालवता येतात ना?

(दातांच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10,000 रुपये, हा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल बरेच जण पाठवताहेत. तो भटक्या जनावरांबाबत आणि सरकारने द्यायच्या भरपाईचा आहे. आमच्या कामाचा नाही.)

माझी खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची आहे. आईने कधी रिटर्न भरलेलं नाही, सगळा व्यवहार रोखीचा. तिच्याकडे फक्त मापांची वही आहे: नाव, माप, शिलाई, तारीख. ती वही आणि चार-पाच गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं न्यायालय धरेल का? हात किती टक्के निकामी झाला याचा दाखला सरकारी रुग्णालयातूनच घ्यावा लागतो का, आणि फिजिओथेरपी संपेपर्यंत त्यासाठी थांबावं का?

महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. शिवाजीनगरच्या कार्यालयात जाणारच आहे. तिथून मिळालेल्या वकिलाने असा दावा चालवल्याचा कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. आणि तोवर मालकांना वकिलाची नोटीस पाठवून ठेवावी का, तेही सांगा.