उघडी जखम म्हणजे हलगर्जीपणा नव्हे

गळू कापल्यावर डॉक्टरांनी टाके घातलेच नाहीत, हे चुकलं का, असा प्रश्न पडू शकतो. नाही, चुकलेलं नाही. पू झालेली जागा वरून शिवली तर जंतू आतच कोंडतात आणि पुन्हा पू धरतो. म्हणून ती मुद्दाम न शिवता उघडी ठेवतात, म्हणजे ती तळापासून भरत वर येते.

माझ्या वडिलांची अशी जखम भरायला सात आठवडे लागले. रोज ड्रेसिंग बदलताना मला धडकी भरायची. तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसलं की मी घाबरायचो, पण तीच भरण्याची खूण असते! नव्या रक्तवाहिन्यांमुळे तो रंग येतो. पुढे कडा आपोआप आत ओढल्या जातात.

एक कळकळीची विनंती: जखम 'वाळू द्या' म्हणून पट्टी न लावता उघडी टाकू नका. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. जखमेच्या पोकळीत ठेवायची पट्टीही ठासून भरायची नाही, सैलच ठेवायची.

ताप, जखमेभोवती वाढती लाली किंवा दुर्गंधी आली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर साखरेवर कडक लक्ष ठेवा.